काल्पनिक पक्षात तुमचा नंबर लागतो कसा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अमेरिकेसाठी बनवलेली एक ऑनलाइन क्विझ तुम्ही सोडवली आणि मग वडिलांनाही सोडवायला लावली. त्यात सहा काल्पनिक पक्ष आहेत आणि दोघांचाही नंबर कामगार पक्षात लागला. प्रत्यक्षात मात्र सकाळी पेपर आला की राजकारणावरून तुमचं दोघांचं वाजतं. तेव्हा या निकालावर किती विश्वास ठेवायचा, हा एक प्रश्न. नागपूरच्या मतदारांसाठी अशीच क्विझ मित्रांसोबत बनवून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायची तर काय काळजी घ्यायची, हा दुसरा.

मी सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या बनवतो आणि फिल्डवर जाणाऱ्या मुलामुलींना प्रश्न कसे विचारायचे ते शिकवतो. राहतो नागपुरात, काम बहुतेक विदर्भातलं. निवडणुकीचे सर्व्हे त्यात थोडे. रेशन, पाणी, पीकविमा, शाळा हेच जास्त. पण प्रश्न विचारण्यातले खाचखळगे सगळीकडे तेच. त्यामुळे मी बोलेन ते त्या बाजूनं. कुठला पक्ष बरा, यात शिरणार नाही.

निकाल बरोबर की चूक, असं विचारून फारसं हाती लागत नाही. काल्पनिक पक्षाचं ऑफिस नसतं, उमेदवार नसतो, मतमोजणी नसते. मग तुम्ही खरंच त्या पक्षाचे आहात का, हे ताडून पाहायचं कशाशी? विचारायचं ते वेगळंच. पक्षांच्या या जागा कुणी आखल्या, कशावरून आखल्या, आणि तुमची उत्तरं कुठल्या हिशेबात घालून तुम्हाला त्यातल्या एका जागी बसवलं? याची उत्तरं क्विझगणिक बदलतात, म्हणून सगळ्या क्विझांना एकच न्याय लावता येत नाही.

अशा क्विझांचं पहिलं घराणं खऱ्या पक्षांशी तुलना करणारं. नेदरलँड्समध्ये १९८९ साली ‘स्टेमवायझर’ छापील स्वरूपात निघालं आणि पुढे इंटरनेटवर आलं. त्याचंच बघून जर्मनीनं २००२ मध्ये ‘वाल-ओ-मात’ सुरू केलं. ते तिथली राजकीय शिक्षणाची सरकारी संस्था चालवते. ३८ विधानं असतात. प्रत्येकावर सहमत, तटस्थ किंवा असहमत म्हणायचं, नको तो प्रश्न सोडून द्यायचा, आणि जे मुद्दे जिव्हाळ्याचे त्यांना दुप्पट वजन द्यायचं. मुख्य म्हणजे त्याच विधानांवर पक्षांनी स्वतः उत्तरं दिलेली असतात, म्हणजे तुमचं माप ज्याच्याशी लावायचं ते कुणाच्या डोक्यातून आलेलं नसतं. २०२१ च्या संसदेच्या निवडणुकीआधी ते २ कोटींहून जास्त वेळा वापरलं गेलं. २०१९ मध्ये तर एक छोटा पक्ष त्याच्याविरुद्ध कोर्टात गेला होता: एका वेळी आठच पक्षांशी तुलना करू देता, त्यात आम्ही लहान पक्ष मागे पडतो, असं त्यांचं म्हणणं. कोर्टानं ते उचलून धरलं आणि ऐन युरोपीय निवडणुकीच्या तोंडावर काही दिवस ते बंद ठेवावं लागलं. स्क्रीनवर किती पक्ष निवडता येतात एवढ्यावरून कोर्टबाजी! मला विचाराल तर ती योग्यच होती.

दुसरं घराणं आलेखाचं. ‘पॉलिटिकल कंपास’ २००१ पासून इंटरनेटवर आहे: आडव्या रेषेवर आर्थिक डावे-उजवे, उभ्या रेषेवर हुकूमशाही ते स्वातंत्र्यवादी. त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, डेव्हिड नोलन या अमेरिकन कार्यकर्त्यानं आर्थिक स्वातंत्र्य आणि वैयक्तिक स्वातंत्र्य अशा दोन मापांचा आलेख काढला होता. सरकारनं कशातच लुडबुड करू नये असं मानणारा हा माणूस, आणि त्याच्या आलेखात नेमकी तशाच लोकांची जागा सगळ्यात मोक्याची. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पण रेषा आखणाऱ्याला स्वतःचं घर कुठे आहे हे ठाऊक असतं, एवढं लक्षात ठेवा.

तुम्ही सोडवलेली क्विझ तिसऱ्या घराण्यातली. ली ड्रटमन या राज्यशास्त्रज्ञानं २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्ससाठी ती मांडली: वीस प्रश्न, आर्थिक आणि सामाजिक अशी दोन मापं, आणि अमेरिकेत सहा पक्ष असते तर तुम्ही कुठल्या पक्षाचे असता, हा सवाल. तिच्यामागे एक युक्तिवाद आहे. दोनच पक्षांमुळे अमेरिकेचं राजकारण तुंबलंय, मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत आणली तर जास्त पक्ष तगतील, असं ड्रटमन बरीच वर्षं मांडत आले आहेत. क्विझ हा त्या मांडणीचाच भाग. आता हे इथं नागपुरात आणून बघा. २०२४ च्या विधानसभेला आपल्यासमोर मोठे पक्षच सहा होते, दोन आघाड्यांत वाटलेले. वर बसपा, वंचित, मनसे आणि अपक्ष. अमेरिकन माणसाला ज्याचं स्वप्न पडतं, ते आपल्या मतदान यंत्रावर मावत नाही. त्यामुळे ‘आणखी पक्ष असते तर’ हा प्रश्न आपल्याला तसा लागूच पडत नाही. आपला प्रश्न उलटा आहे: इतके पक्ष असूनही आपल्या मनातलं मत मांडणारा त्यात कुणी आहे का?

आता तुमचं आणि वडिलांचं.

त्या क्विझमधला कामगार पक्ष म्हणजे आर्थिक बाबतीत डावीकडे आणि सामाजिक बाबतीत साधारण मध्यावर. आर्थिक बाजूचं कोडं सोपं आहे. सरकारी दवाखाना, पेन्शन, किमान वेतन यांवर सरकारनं खर्च करावा का, असं अमेरिकन मापानं विचारलं तर आपल्याकडे ‘नको’ म्हणणारा शोधावा लागतो. शेतकरी हमीभाव मागतो, व्यापारी रस्ते मागतो, नोकरदार जुनी पेन्शन मागतो. त्या मापावर तुमचा अख्खा मोहल्ला एकाच बाजूला गोळा होईल, आणि जे माप सगळ्यांना एका बाजूला ढकलतं ते माणसामाणसातला फरक दाखवत नाही.

मध्यावरची गोष्ट जास्त मजेची आहे. समजा सामाजिक विषयांवर चार विधानं आहेत. १ म्हणजे पूर्ण असहमत, ५ म्हणजे पूर्ण सहमत. वडिलांनी दिलं ५, १, ५, १. तुम्ही दिलं १, ५, १, ५. एकाही प्रश्नावर तुमचं पटत नाही. याहून लांब दोन माणसं असूच शकत नाहीत. सरासरी काढा: दोघांचीही ३. शेजारच्या काकूंना यातल्या कशाशीच घेणंदेणं नाही, त्यांनी सगळीकडे ३ दाबलं. त्यांचीही सरासरी ३. क्विझच्या नजरेत तुम्ही तिघं एकाच पक्षाचे ‘मध्यममार्गी’. तुमच्या क्विझचं आतलं गणित याहून थोडं बारीक असेल, पण अनेक प्रश्न एका रेषेवर आणून बसवले की हे होतंच. तेव्हा घरी एवढं करा: निकाल बाजूला ठेवा, दोघांची उत्तरं एकाखाली एक मांडा आणि कुठल्या प्रश्नांवर अंतर तीन किंवा चार आहे तेवढेच निवडा. तुमचं सकाळचं भांडण तिथं सापडेल.

जवळचा पक्ष काढायचा हिशेबही एकच एक नसतो. हे मी शिकवताना फळ्यावर करून दाखवतो, इथेही करतो. चार मुद्दे घेऊ: हमीभावाचा कायदा, शहराचं पाणी महापालिकेनं स्वतः चालवणं, दारूबंदी, आणि वेगळा विदर्भ. ‘अ’ पक्ष चारही मुद्द्यांवर तुमच्यापासून एकेक घर लांब आहे. ‘ब’ पक्ष पहिल्या तिन्ही मुद्द्यांवर तंतोतंत तुमच्यासारखा, पण विदर्भावर तीन घरं लांब. अंतरांची सरळ बेरीज केली तर अ चे ४ आणि ब चे ३, ब जवळचा. अंतरांचे वर्ग करून बेरीज केली, म्हणजे मोठ्या मतभेदाला जास्त शिक्षा दिली, तर अ चे ४ आणि ब चे ९, अ जवळचा. नुसती जुळणारी उत्तरं मोजली तर अ शून्य आणि ब तीन, पुन्हा ब. आणि तुम्ही म्हणालात की विदर्भ मला दुप्पट महत्त्वाचा, तर सरळ बेरजेतही अ ५ आणि ब ६, पारडं फिरलं. माणूस तोच, उत्तरं तीच, पक्षही तेच. कुठला हिशेब लावायचा हे क्विझ बनवणाऱ्यानं ठरवायचं असतं, आणि बऱ्याच क्विझांमध्ये ते कुठं लिहिलेलंही नसतं. जिथं लिहिलेलं नाही, तिथं निकालाला करमणुकीपलीकडे किंमत देऊ नका.

पक्ष किती, हाही निर्णयच असतो. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्रानं २०२१ मध्ये १०,२२१ प्रौढांच्या उत्तरांवरून मतदारांचे नऊ गट पाडले; त्याच केंद्राच्या २०१७ च्या मांडणीत गट वेगळे होते. उत्तरं एकमेकांशी जुळणाऱ्या माणसांचे पुंजके करायचं काम संगणक करतो, पण त्याला पाच पुंजके मागा, पाच देतो. नऊ मागा, नऊ देतो. सगळे निकष लावून झाल्यावरही शेवटी कुणीतरी माणूसच ठरवतो की सात ठेवायचे, कारण आठवा गट समजावून सांगता येत नाही. रेडिमेड शर्टाचं माप असतं तसं हे: ३९ च्या छातीला ४० चा शर्ट येतो, म्हणून छाती ४० ची होत नाही. तरी प्यूच्या कामात एक गोष्ट नीट केलेली असते, ती तुम्ही उचला. गट आधी नमुना निवडून केलेल्या सर्वेक्षणावरून ठरतात, ऑनलाइन क्विझ सोडवणाऱ्याला नंतर त्यातल्या जवळच्या गटात बसवतात. क्विझ सोडवायला आलेल्या गर्दीवरून गट पाडत नाहीत.

आता प्रश्नांच्या शब्दांकडे येतो, कारण माझा बहुतेक वेळ यातच जातो. १९४१ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. लोकशाहीविरोधी भाषणांवर बंदी घालावी का, असं विचारलं तेव्हा ५४ टक्के लोक ‘घालावी’ म्हणाले. अशा भाषणांना परवानगी द्यावी का, असं विचारलं तेव्हा ७५ टक्के ‘देऊ नये’ म्हणाले. अर्थ एकच, फरक २१ टक्क्यांचा. ‘बंदी’ म्हणायला लोक कचरतात, ‘परवानगी नको’ म्हणायला तेवढे कचरत नाहीत. आपल्याकडे मोर्चे, डीजे, पुतळे, मांसविक्री यांवर प्रश्न करताना हाच फरक पडणार, हे धरून चला.

दुसरी अडचण म्हणजे हो ला हो. दारात शिकलेला माणूस कागद घेऊन उभा राहिला की लोक भिडेखातर म्हणतात, “बरोबर हाय जी तुमचं.” ‘वेगळं राज्य झाल्याशिवाय विदर्भाचा विकास होणार नाही’ याला सहमत, आणि पाच प्रश्नांनंतर ‘महाराष्ट्रात राहूनच विदर्भाचा विकास होईल’ यालाही सहमत, अशी माणसं प्रत्येक प्रीटेस्टमध्ये, म्हणजे प्रश्नावलीच्या चाचणी फेरीत, भेटतात. मोबाइलवर भीड कमी असते पण घाई जास्त. अंगठा एकाच रकान्यातून खाली घसरत जातो. म्हणून निम्मी विधानं एका दिशेनं आणि निम्मी उलट दिशेनं लिहायची. त्याहून चांगलं म्हणजे ‘सहमत-असहमत’ टाळून समोरासमोर दोन पर्याय ठेवायचे: हे हवं की ते?

तिसरी अडचण शब्दामागच्या चित्राची. ‘सरकारी खर्च कमी करायला हवा’ हे विधान कुठल्याही परदेशी क्विझमधून मराठीत येतं आणि सहमती दिली की माणूस आर्थिक उजवीकडे सरकतो. काटोलकडच्या एका गावात एका बाईंना ते वाचून दाखवलं. त्या ठामपणे म्हणाल्या, “हौ जी, कमी करावाच लागते. किती त्या गाड्या, किती ते बंगले!” मग रेशनवरचा खर्चही कमी करायचा का, असं विचारल्यावर त्या चिडल्याच. “राशन काहून कमी करता? ते आमच्या हक्काचं हाय.” त्यांच्या डोळ्यासमोर मंत्र्यांचा ताफा होता. क्विझनं मात्र त्यांना खाजगीकरणवाल्या पक्षात नेऊन बसवलं असतं. म्हणून ‘सरकारी खर्च’ असा मोघम शब्द नको. रेशन, घरकुल, एसटीची सवलत, आमदारांची पेन्शन असं नाव घेऊन विचारा.

आणि लोक माहीत नसलेल्या गोष्टींवरही मत देतात. अमेरिकेत सिनसिनाटीच्या संशोधकांनी अस्तित्वातच नसलेल्या एका कायद्याबद्दल लोकांना विचारलं होतं. ‘माहीत नाही’ची सोय आधीच पुढे केली नव्हती तेव्हा जवळपास एक तृतीयांश लोकांनी त्या कायद्यावर मत दिलं. क्विझमध्ये ‘सांगता येत नाही’ हा पर्याय हवाच, आणि तो मधल्या ३ वर टाकू नका. तटस्थ असणं वेगळं आणि माहीत नसणं वेगळं. ‘सांगता येत नाही’ आलं की तो प्रश्न त्या माणसाच्या हिशेबातूनच काढायचा.

आता नागपूरची क्विझ. परक्या क्विझचे अक्ष, म्हणजे मतं मोजायच्या रेषा, उचलू नका, एवढं एक माझं ऐकलंत तरी पुरे. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८ मध्ये भारतीय मतदाराबद्दल मांडलं ते वाचण्यासारखं आहे. आपल्याकडची वैचारिक फूट युरोपसारखी डावी-उजवी नाही, पण विचारसरणी नाहीच असंही नाही. एक वाद आहे तो सरकारनं समाजाच्या रीतीभातीत, मालमत्तेत किती हात घालावा याचा. दुसरा आहे मागे ठेवलेल्या समूहांना वेगळी ओळख आणि राखीव जागा द्याव्यात का याचा. आरक्षण अमेरिकन मापात आर्थिकमध्येही बसत नाही आणि सांस्कृतिकमध्येही नीट बसत नाही, त्याचं कारण हेच.

ज्या शहरात १९२५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना झाली, १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, तिथं या दुसऱ्या वादाचा स्वतंत्र अक्ष ठेवावाच लागेल. २०१७ च्या महापालिकेत १५१ पैकी भाजपचे १०८, काँग्रेसचे २९, बसपाचे १० आणि शिवसेनेचे २ नगरसेवक होते. मुंबई-पुण्याकडे बघून बनवलेली क्विझ इथं का चालणार नाही, ते या शेवटच्या दोन आकड्यांत आहे.

विदर्भाचा अक्ष तर कुठल्याच तयार आलेखात सापडणार नाही. १९५३ चा नागपूर करार, १९५५ चा राज्य पुनर्रचना आयोगाचा वेगळ्या विदर्भाच्या बाजूचा अहवाल, १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष निवडून आलेले बापूजी अणे, १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉककडून आलेले जांबुवंतराव धोटे, आणि आजही दर हिवाळी अधिवेशनात निघणारी अनुशेषाची चर्चा. हे मत डाव्यांतही आहे, उजव्यांतही आहे, आणि एकाच पक्षाच्या नागपूर आणि मुंबई शाखांमध्ये वेगवेगळं आहे. दारूबंदीचंही तसंच. चंद्रपुरात २०१५ मध्ये ती लागू झाली, २०२१ मध्ये उठवण्यात आली. मागणी करणाऱ्या बायाबापड्या, विरोध करणारे दुकानदार, अवैध दारूकडे बोट दाखवणारे, महसुलाचा हिशेब मांडणारे. हे सगळे एका रेषेवर उभे करून दाखवा बरं.

मात्र तुम्ही कुठल्या निवडणुकीसाठी क्विझ बनवताय, यावर बरंच अवलंबून आहे. लोकसभेची वेगळी, महापालिकेची वेगळी. महापालिकेला २०१७ मध्ये प्रभागात चार-चार मतं द्यायची होती आणि लोक ती बिनदिक्कत वाटून देतात: एक पक्षाला, एक ओळखीच्याला, एक जो नाली साफ करायला माणूस पाठवतो त्याला. तिथं प्रश्न असले पाहिजेत ते पाणीपट्टी आणि पाण्याच्या खाजगी भागीदारीचे, एनआयटीच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लेआउटमधल्या प्लॉट नियमित करण्याचे, मालमत्ता कराचे, सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून घरांत पाणी शिरलं त्यानंतर नदीकाठच्या बांधकामांचं काय करायचं याचे. महापालिकेच्या क्विझमध्ये परराष्ट्र धोरणावर प्रश्न टाकलात तर लोक हौसेनं सोडवतील, पण त्यातून काही निष्पन्न होणार नाही.

प्रश्न लिहायच्या आधी पंधरावीस माणसांशी नुसतं बोला: महालातली, इंदोऱ्यातली, मोमिनपुऱ्यातली, पारडीतली, हिंगणा एमआयडीसीतली आणि मिहानकडे नोकरीला जाणारी. ‘तुमच्या घरात कशावरून वाद होतो?’ एवढंच विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यातून साठसत्तर विधानं निघतील. मग ती वेगळ्या माणसांना सोडवायला द्या. ज्यावर सगळे एकाच बाजूला जातात ते विधान काढून टाका, ते कितीही आवडलं असलं तरी. शेवटी वीसपंचवीस उरतील. पक्ष किती ते त्यानंतर ठरवा. आधी सहा पक्ष मनाशी धरून प्रश्न लिहिलेत, तर तुमच्या मित्रमंडळीला शहरात जे पाच-सहा प्रकारचे लोक दिसतात तेवढेच निकालात येतील.

खऱ्या पक्षांऐवजी काल्पनिक पक्ष घ्यायचे हा तुमचा विचार मला पटतो. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटल्यावर कुठल्या पक्षाची कुठल्या मुद्द्यावर अधिकृत भूमिका काय, हे लिहून काढायला बसलात तर क्विझ लांबच राहील. काल्पनिक पक्ष फुटत नाही आणि रात्रीतून आघाडी बदलत नाही. पण त्याला उमेदवार नाही, जात नाही, गावातला कार्यकर्ता नाही, आणि प्रत्यक्ष मत या गोष्टींवरही पडतं. तेव्हा ‘तुम्ही कुणाला मत द्यावं’ असा सूर निकालात कुठेही नको.

पक्षांना नावं देताना ‘विकास’, ‘राष्ट्र’, ‘जन’ असले गोंडस शब्द टाळा. तिकडे कुणालाही जावंसं वाटतं. रंग तर देऊच नका. निळा, भगवा, हिरवा दिसला की आपल्याकडे वाचायच्या आधीच निर्णय झालेला असतो. वर्णन लिहाल ते असं लिहा की ते वाचून एखाद्याला ‘हा मी नव्हे’ म्हणता यावं. फोरर या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचं एकच मोघम वर्णन ‘खास तुमचं’ म्हणून वाटलं, तर त्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ‘तुम्हाला प्रगती हवी आहे पण संस्कृतीही जपायची आहे’ असं लिहिलंत तर तुम्हालाही तेवढेच मिळतील. निकालात पहिल्या पक्षासोबत दुसरा जवळचा पक्ष आणि दोघांतलं अंतर दाखवा, आणि खाली प्रश्नागणिक तुलना द्या. लोक तीच जास्त वेळ बघतात, भांडणंही तिच्यावरच होतात.

क्विझ पसरली, हजारोंनी सोडवली, तरी ‘नागपूरचे इतके टक्के लोक अमुक विचारांचे’ असं लिहू नका. १९३६ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या होत्या आणि तरी राष्ट्राध्यक्ष कोण होणार याचा त्यांचा अंदाज साफ आपटला, कारण उत्तर पाठवणारे म्हणजे मतदार नव्हेत. तुमच्याकडे येणार ती तुमच्या ग्रुपमधली माणसं आणि त्यांच्या ग्रुपमधली माणसं.

‘तुम्ही मत कुणाला दिलं’ हा प्रश्न घालूच नका. मतदान सुरू झाल्यापासून ते संपल्यानंतर अर्ध्या तासापर्यंतच्या ठरवून दिलेल्या काळात एक्झिट पोल घेणं किंवा छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कॉलेजची पोरं आहोत म्हणून सूट मिळत नाही.

मोबाइल नंबर, ईमेल, फेसबुक लॉगिन यातलं काहीही मागू नका. फेसबुकवरची लोकांची माहिती राजकारणासाठी वापरल्याचं केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण अशाच एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या अ‍ॅपमधून झालं. फेसबुकनं २०१८ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते अ‍ॅप अवघ्या ३३५ जणांनी घेतलं होतं, पण त्यांच्या मित्रयाद्यांमधून ५ लाख ६२ हजारांहून अधिक भारतीयांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती. वय, साधारण भाग आणि शिक्षण एवढं पुरतं, तेही ऐच्छिक ठेवा. उत्तरं फोनवरच मोजून निकाल तिथंच दाखवता आला, साठवलंच काही नाही, तर उत्तम. तुमच्या मित्रांपैकी ज्याला कोडिंग येतं त्याला हे एका संध्याकाळचं काम आहे.

सुरुवातीची साठसत्तर विधानं निघाली की, गाळायच्या आधीच, मला पाठवा. कुठलं विधान कुठल्या वस्तीत कसं ऐकलं जाईल, त्याच्या खुणा मी समासात करून देईन.